मायचा मोतीबिंदू आणि माझी बारा अस्त्रं

मंगळवार, भर दुपार
(पंचायतीची लाइन गेली आहे, कॉम्प्युटर बंद, म्हणून एवढं लांब लिहायला मिळतं आहे)

आदरणीय बाईस,

तुझ्या धाकट्या भावाचा, प्रफुलचा मनापासून जय भीम. भाऊजी ड्यूटीवरून येऊन झोपले असतील तर त्यांना उठवू नकोस, उठल्यावर माझा जय भीम सांग. तुझी कंबर आता कशी आहे? क्वार्टरच्या त्या जिन्यावरून सिलिंडर तू स्वतः चढवू नकोस, असं मी दिवाळीतच सांगितलं होतं. पण मी सांगितलेलं आपल्या घरात कोणी ऐकत नाही, आणि हे पत्र खरं तर त्याबद्दलच आहे.

पत्र पाहून दचकू नकोस. फोन चालू आहे, टॉवरही आज मेहेरबान आहे. पण फोनवर तुझ्यापुढे माझं एक वाक्य पुरं होत नाही. मी "बाई, त्याचं असं झालं" म्हणेपर्यंत तू "म्हणजे झालं नाई नं?" म्हणतेस आणि विषय संपतो. कागदावर तुला मध्ये बोलता येत नाही. (इथे तू काहीतरी बोललीस. मला ऐकू आलं.)

इकडे सगळं खुशाल. माय खुशाल आहे. अस्वलही खुशाल असावं, कारण शेवटचं दिसलं तेव्हा ते चांगलं पळत होतं. अस्वलाचं पुढे येईलच, आधी डोळ्याचं सांगतो. मागच्या दोन महिन्यांत तू मला अकरा वेळा विचारलंस की मायच्या डोळ्याचं ऑपरेशन कधी, आणि मी अकराही वेळा "होऊन राह्यलं" म्हणालो. होऊन राह्यलं नव्हतं, बाई. मायचा उजवा डोळा आता पूर्ण दुधाळ झाला आहे. डाव्याने समोर माणूस आहे एवढं तिला कळतं, कोणता आहे ते कळत नाही. मागच्या आठवड्यात आमचे ग्रामसेवक साहेब कागदावर सही घ्यायला घरी आले, तर मायने त्यांना मी समजून, "आंधी पाय धुऊन ये, मंग घरात पाय टाक" म्हणून मोरीकडे पिटाळलं. साहेब मुकाट्याने पाय धुऊन आले. चहात मीठ तर आता आम्ही धरूनच चालतो. हे सगळं हसण्यावारी नेलं असतं, पण आलापल्लीला तपासणी झाली तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की मोतीबिंदू फार पिकला आहे. येत्या शिबिरात काढला तर डोळा वाचेल, पुढच्या, म्हणजे पावसाळ्यातल्या शिबिरापर्यंत थांबलात तर मी खात्री देत नाही. शिबिर परवा गुरुवारी, तिथेच आलापल्लीला. त्यांची गाडी गावात येऊन घेऊन जाते, एक रात्र तिथे ठेवते, दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी सोडते. एवढं सोपं. माय म्हणाली, "आत्ता नाई," आणि दुरडी उचलून मोहाची फुलं वेचायला निघून गेली.

आता तुला वाटेल, हा गप्प बसला असेल. अजिबात नाही. नेमकं त्याच आठवड्यात मी बल्लारपूरहून शिकून आलो होतो. तुला माहीत आहे, मागच्या जयंतीला माझं भाषण झालं. (झालं म्हणजे सुरू झालं. संपलं तेव्हा मी, माइकवाला आणि खुर्च्या उरलो होतो, बाकी समाज जेवणाच्या रांगेत होता.) यंदाही भाषण माझ्याकडेच आहे, कारण दुसरं कोणी पुढे येत नाही. म्हणून समितीने ठराव करून मला तीन दिवसांच्या वक्तृत्व आणि वादकौशल्य शिबिराला पाठवलं. शिकवणारे अंकुश सर. मार्च महिन्यातही जाकीट घालतात, आणि "मित्रहो" म्हणताना दोन्ही हात असे फेकतात की पहिली रांग मान मागे घेते. त्यांनी आम्हाला एक पिवळी पुस्तिका दिली. पुढच्या बाजूने समोरच्याला पटवून देण्याची बारा अस्त्रं, आणि मागच्या बाजूने तर्कदोष, म्हणजे वाद घालताना लोक ज्या लबाड्या करतात त्यांची नावानिशी यादी. सरांचं म्हणणं असं की लबाडीचं नाव माहीत असलं की समोरच्याला जागच्या जागी पकडता येतं. मला प्रमाणपत्र मिळालं. ते लॅमिनेशन करून भिंतीवर लावलं. मायने त्यावरून हात फिरवला आणि "गुळगुळीत आहे" म्हणाली. बस, तेवढंच कौतुक.

मी ठरवलं, पहिला प्रयोग घरातच करायचा. रविवारी जेवणं झाल्यावर मायसमोर बसलो, पुस्तिका मांडीखाली ठेवली आणि पहिलं अस्त्र काढलं : विश्वासार्हता. ऐकणाऱ्याचा बोलणाऱ्यावर विश्वास बसला की अर्धं काम झालं. म्हणून मी सुरुवातच अशी केली की माय, मी तुझा मुलगा, मी तुला आजवर कधी चुकीचं सांगितलं आहे काय? (हे वक्तृत्वप्रश्नही झालं. म्हणजे असा प्रश्न ज्याचं उत्तर समोरच्याने द्यायचं नसतं.) मायने उत्तर दिलं. कुकरची शिट्टी तूच उलटी बसवली आणि काही होत नाही म्हणाला, त्यापासून सुरुवात करून, बकरी गाभण आहे सांगून बोकड घरी आणला तिथपर्यंत ती सलग पाऊण तास बोलली. तारखा तिला माझ्यापेक्षा जास्त पाठ. अंकुश सरांनी आम्हाला हे सांगितलं नव्हतं की वक्तृत्वप्रश्नाला उत्तर आलं तर काय करायचं.

मी डगमगलो नाही. दुसऱ्या दिवशी तज्ज्ञाचा दाखला. डॉक्टर काय म्हणाले, किती शिकलेले आहेत, किती डोळे उघडून दिले. माय म्हणाली, "त्याच्या नाकावर चष्मा हाय नं? मंग आंधी स्वतःचे काऊन नाई करत?" मी मागची बाजू उघडली, तर्कदोष क्रमांक दोन : मुद्दा सोडून माणसावर घसरणे. मोठ्याने वाचून दाखवलं. माय म्हणाली, बरं झालं छापून ठेवलं, पुढच्या वेळी कुकरचं निंघालं की तुले कामी येईन. मग आकडेवारी : शंभरात अठ्ठ्याण्णव ऑपरेशनं चांगली होतात. "मंग ते दोन कोन गा? त्यायचं बी कोणी पोरगं असंच बोलत बसलं असन." मग उदाहरण : आपल्या शेजारच्या कांताच्या सासूने केलं, आता सुईत दोरा ओवते. यावर मायने वरच्या मोहल्ल्यातल्या झाडूबुवाचं काढलं, की ऑपरेशनआधी त्याले सून गुणाची वाटत होती, डोळा उघडला अन् त्याले घरातला कचरा दिसला, तेव्हापासून त्या घरात सुखाचा घास नाई. आता याला तर्कदोष म्हणावं की समाजशास्त्र, मला कळेना. पुस्तिकेत सापडलं नाही.

खरं सांगू काय बाई, मला राग येऊ लागला होता. एवढं शिकून आलो आणि घरातली अंगठेबहाद्दर बाई मला चारी मुंड्या चीत करून राह्यली. म्हणून बुधवारी मी सगळ्यात मोठं अस्त्र बाहेर काढलं, जे सरांनी शेवटी, आवाज खाली आणून शिकवलं होतं : भावनेला हात. संध्याकाळचा चहा झाला होता. मी बाबांच्या फोटोकडे पाहिलं, थोडा थांबलो (थांबणं हेही त्यात येतं, मनात तीनपर्यंत मोजायचं), आणि म्हणालो, माय, आज बाबा असते तर? मायही थांबली. मला वाटलं, जिंकलो. मग ती म्हणाली, "असते तर त्यायनं मोह वेचला असता अन् मी डोळ्याले गेली असती." आणि उठून भांडी घासायला गेली. मी कातावून मागून ओरडलो, अशी किती दिवस चाचपडत जगशील? (पुन्हा वक्तृत्वप्रश्न. माणूस शहाणा होत नाही.) मोरीतून उत्तर आलं, "बावीस दिवस. मोह सरेपर्यंत."

आता लिहिताना मलाच दिसतं की तिने मला सगळं दोन वाक्यांत सांगितलं होतं. पण तेव्हा माझं लक्ष तिच्या बोलण्याकडे नव्हतं, ती कोणता दोष करून राह्यली ते शोधण्याकडे होतं. आणि बाई, त्याच नादात मी जे केलं ते ऐकून तू मला फोनवर नाही, प्रत्यक्ष येऊन मारशील. शुक्रवारी मी तिला घाबरवायचं ठरवलं. म्हटलं, माय, डोळा नाही केला तर पडशील, पडलीस तर पाय मोडेल, पाय मोडला की खाटेवर, तू खाटेवर की माझी नोकरी गेली, नोकरी गेली की... माय म्हणाली, थांब, आता माहं ऐक. ऑपरेशन केलं की डॉक्टर म्हणते महिनाभर वाकायचं नाई, धूर नाई, धूळ नाई. म्हंजे यंदा टेकडीखालच्या आपल्या मोहाखाली मी नाई. आता तू लग्न होऊन ऊर्जानगरला जाऊन सतरा वर्षं झाली, विसरली असशील म्हणून लिहितो : इथे जंगलातल्या झाडाचा कागद नसतो. फागुनात ज्या घरचं माणूस झाडाखालचा पाचोळा झाडून स्वच्छ गोल करतं, आणि फुलं पडायला लागली की रोज तिथे दिसतं, त्या घरचं ते झाड. एखादा हंगाम झाडाखाली कोणी दिसलं नाही तर ते सोडलं असं समजतात, आणि मग दुसरं कोणी झाडून घेतं. भांडण नाही, तंटा नाही, रीतच तशी. तर माय म्हणाली, मी यंदा गेली नाई तर झाड सुटन, झाड सुटलं की पुढच्या साली दुसऱ्याचं, अन् तुह्या आजीच्या हातचं, तुह्या बापाच्या हातचं झाड माह्या हातून गेलं असं होईन.

मी काय केलं सांगू? मी पुस्तिका उघडली, तर्कदोष क्रमांक सात : घसरता उतार, म्हणजे एका लहानशा गोष्टीतून थेट सत्यानाशापर्यंत घरंगळत जाणे. तिथे लाल पेनाने बरोबरची खूण केली आणि बाजूला लिहिलं, "माय, शुक्रवार." मी स्वतः दोन मिनिटांपूर्वी पायापासून नोकरीपर्यंत घरंगळलो होतो, ते मात्र मला दिसलं नाही. आणि बाहेर सगळ्यांना काय सांगत फिरलो? पंचायतीत, पानठेल्यावर, कांताला, सगळ्यांना हेच, की माय ऑपरेशनला नाहीच म्हणते, म्हाताऱ्या माणसाला कोण समजावणार. हे मायच्या कानावर गेलं. तिने मला बोलावून विचारलं, "मी नाई म्हणली काय? मी आत्ता नाई म्हणली. जे मी बोललीच नाई ते माह्या तोंडात घालून गावभर सांगून राह्यला, याचं नाव नाई काय तुह्या पुस्तकात?" आहे. क्रमांक चार. त्याला बुजगावणं उभं करणं म्हणतात : समोरचा बोललाच नाही असं काहीतरी त्याच्या नावावर उभं करायचं आणि मग त्यालाच झोडपायचं. मी तिला ते सांगितलं नाही. पुस्तिका शर्टात घातली आणि बाहेर गेलो.

त्यात शनिवारी अस्वलाचं झालं. सकाळी कांता तिच्या झाडाखाली वेचत होती आणि तिने पाहिलं की आपल्या मायच्या झाडामागून एक अस्वल फुलं खात खात येऊन राह्यलं. माय खाली बसून चाचपून वेचत होती. कांताचा आवाजच निघेना. तेवढ्यात मायला समोर काळं काहीतरी हललेलं दिसलं. तिला वाटलं, घोंगडी पांघरून नथ्थूबुवा आले आहेत (त्यांचं झाड शेजारीच). ती जोरात म्हणाली, "काय गा बुवा, नागपुरावून आला अन् रामराम नाई, काई नाई, सरळ माह्या झाडाखाली? सरक तिकडं!" आणि हातातली दुरडी आपटली. अस्वलाने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि ते उधळलं ते नाल्यापलीकडे. कांता रडत घरी आली, मी काठी शोधायला धावलो, आणि माय दुरडीभर मोह घेऊन आली आणि विचारते, नथ्थूबुवा एवढा काऊन रागावला? तिला खरं सांगितलं तेव्हा तिने दुरडी खाली ठेवली. मग म्हणाली, "माह्या बोलण्यानं गेलं नं ते? तुह्या बोलण्यानं आजवर कोन गेलं?" मग स्वतःच म्हणाली की नाई, जयंतीला गेले होते. आणि हसत सुटली, बाई. मला हसू येत नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर दुसरंच येत होतं. त्या दिवशी मी पहिल्यांदा खरोखर घाबरलो.

घाबरलेला माणूस काय करतो? मी बल्लारपूरला फोन लावला. अंकुश सर रविवारी सकाळी मोटारसायकलवर, जाकीट घालून, एवढं अंतर तोडून आले. भला माणूस, त्यात शंका नाही. अंगणात खुर्ची टाकली. सर उभे राहिले, हात फेकले आणि त्रिसूत्री सुरू केली, म्हणजे एकच गोष्ट तीन वेळा, प्रत्येक वेळी थोडी वर चढवून : "आई, डोळा म्हणजे उजेड! डोळा म्हणजे आधार! डोळा म्हणजे..." तिसऱ्याला ते हात फेकून मागे सरकले आणि वाळत घातलेल्या मोहावर पाय पडला. माय म्हणाली, "बसा सर, उन्हात आले, डोकं तापलं असन." मग पाणी, मग चहा (त्यात साखर होती, पाहुण्याचं नशीब), मग मोहाचे लाडू, मग जेवण. जेवताना मायने त्यांना एकेक विचारलं. घरी कोण कोण आहे. आई आहे काय. कुठे असते. शेवटचं कधी भेटला. सर पहिल्या पोळीला छान बोलत होते, तिसऱ्या पोळीला ते बोटांवर महिने मोजू लागले, आणि चारच्या सुमाराला आमचे अंकुश सर, तीन जिल्ह्यांत नावाजलेले वक्ते, जाकीट काढून मायला मोह पसरू लागत होते. जाताना त्यांनी मला बाजूला घेतलं. मला वाटलं, नवीन अस्त्र देतात. ते म्हणाले, प्रफुल, आईंचं म्हणणं बरोबर आहे, थांबू या. आणि मी उद्या आईला भेटायला सिंदेवाहीला जातो. गेले, बाई. माझ्या बाजूने बोलायला आलेला माणूस पिशवीभर लाडू घेऊन तिच्या बाजूने गेला. मायने त्यांना पटवलं म्हणावं, तर तिने ऑपरेशनचा विषयही काढला नव्हता.

काल सोमवारी सकाळी मी कामावर जाण्याआधी तिच्या मागे मागे गेलो. वाद घालायला नाही, अस्वलाच्या धास्तीने. पंधरा वर्षांत मी त्या झाडाखाली गेलो नव्हतो. कॉम्प्युटरवर काम करणारा माणूस, पँटशर्ट घालून मोहाखाली वाकलेला दिसला तर लोक काय म्हणतील, हे माझ्या मनात नेहमी असायचं, आज तुला खरं सांगतो. पाहिलं तर झाडाखालचा गोल एवढा स्वच्छ की आपल्या अंगणापेक्षा बरा. एवढ्या अंधुक डोळ्यांनी तिने तो कधी झाडला असेल? माय गुडघ्यांवर सरकत होती, दोन्ही तळवे जमिनीवर फिरवत एकेक फूल उचलत होती, आणि गोलाच्या कडेला आली की बोटांना पाचोळा लागायचा, मग मागे वळायची. शेजारच्या, नथ्थूबुवाच्या झाडाखालीही ताजं झाडलेलं होतं आणि तिथे कांताच्या घरची दोघं वेचत होती. मी विचारलं, नथ्थूबुवाचं झाड नं हे? माय हात न थांबवता म्हणाली, होतं. मागच्या साली तो गुडघा दाखवायला पोराकडं नागपूरला गेला, हंगाम चुकला. कांताचं काई चुकलं नाई, रीत हाय. बुवा आला होता मधात. पाहून गेला.

बाई, ज्या वाक्यावर मी लाल पेनाने दोष म्हणून खूण केली होती, त्याचा पुरावा माझ्यापासून वीस पावलांवर उभा होता. रविवारपासून रविवारपर्यंत मी माझ्या मायला बारा अस्त्रं मारली आणि तिला एकदाही साधं "काऊन?" विचारलं नाही. तिने न विचारता सांगितलं तर त्याला नंबर दिला. मला तिथेच रडू आलं. तिला दिसलं नाही, पण नाक ओढल्याचं ऐकू आलं, म्हणाली, सर्दी झाली काय. मी खाली बसलो आणि म्हणालो, माय, तू गुरुवारी जा, तू येईपर्यंत आणि त्याच्यापुढेही मी वेचतो. रोज. तिने हात थांबवले. तोंड माझ्याकडे केलं, म्हणजे माझ्या थोडं डावीकडे. "तू? लोकायसमोर?" म्हटलं, हो. "वेच मंग." तासभर वेचलं. माझ्या दुरडीत हात घालून तिने चाचपून पाहिलं आणि त्यातून अर्ध्या लेंड्या काढून बाजूला ठेवल्या. पण हसली नाही. म्हणाली, "जातो मी गुरुवारी." आठ दिवस जे झालं नाही ते एका वाक्यात झालं, आणि ते वाक्य पुस्तिकेत कुठेच नाही, मी रात्री सगळी पालथी घालून पाहिली. आज ग्रामसेवक साहेबांना सांगितलं, साहेब, मायचा डोळा आहे, मोह वेचायचा आहे, सुट्टी पाहिजे. त्यांनी पाय धुतल्याचं आठवून असेल किंवा कसंही, एका शब्दाने अडवलं नाही.

तर बाई, सगळं व्यवस्थित झालं आहे. परवा सकाळी गाडी येते, कांता मायसोबत जाते, मी झाडाखाली असतो. तू अजिबात काळजी करू नकोस आणि धावपळ तर मुळीच करू नकोस. तुला यायची काहीएक गरज नाही. घरच्या लहानथोरांना जय भीम, आणि कंबरेला जप.

तुझाच, ज्याचं तू कधी ऐकून घेत नाहीस तो भाऊ,
प्रफुल

ता. क. : यायची गरज नाही असं लिहिलं खरं, पण सुट्टी आठच दिवसांची मिळाली आहे आणि मोह सरायला अजून दोन आठवडे आहेत. झाडाखाली आपल्या घरचं माणूस दिसलं पाहिजे, भाड्याचं चालत नाही. तुझ्या दीपालीचा दहावीचा शेवटचा पेपर सोमवारीच झाला, हे मी वेळापत्रकात पाहून घेतलं आहे. भाऊजींना स्वयंपाक येतो, हे त्यांनी स्वतः मला सांगितलं आहे.

आणखी ता. क. : तू आतापर्यंत ओळखलंच असशील. बाबांचा फोटो, गुडघ्यांवर सरकणारी माय, अस्वल, शेवटी "काळजी करू नकोस" म्हणणं, ही सगळी अस्त्रं आहेत, मी मोजली तर नऊ भरली. पण एकही गोष्ट खोटी नाही, मायची शपथ. मला एकट्याला जमत नाही बाई. काल अर्ध्या लेंड्या होत्या, आज पाव आहेत, प्रगती आहे, पण तुझ्या हाताची सर नाही.

शेवटचं ता. क. : पत्र कांताच्या जावयाच्या हाती देतो, तो उद्या सकाळी तुमच्या चंद्रपूरला निघतो. घरी येऊन बंद करत होतो तर माय आली आणि एवढा वेळ काय लिहून राह्यला म्हणून माझ्याकडून सगळं मोठ्याने वाचून घेतलं. म्हणाली, चार पानं भरली अन् कामाचं एक अक्षर नाई. आता ती सांगते ते लिहितो, एक शब्द बदलायचा नाही म्हणते : "खुशबू, हा बोलते त्याच्यावर येऊ नको. झाडासाठी बी येऊ नको, झाड आम्ही पाहून घेऊ. शुक्रवारी सकाळी माही पट्टी सोडणार हायत. दोन साल झाले, तू येतं अन् मी तुह्या आवाजाकडं पाहतो, तुले पाह्यलंच नाई. पट्टी सुटन तवा समोर उभी राह्यजो."